मुरलेलं नाक

रक्तदाबाची गोळी जिभेवर ठेवली, फडताळावरचा माझा काचेचा पेला उचलला आणि एका घोटात तोंडभर भिजलेला भुसा आत घेतला. डोळ्यांवर चष्मा नव्हता. पेला माझा, जागा माझ्या पेल्याची, वरचं दोन बोटं पाणीही स्वच्छ. खाली सगळा लगदा. गोळी त्या लगद्यात कुठेतरी रुतली. मी बेसिनकडे धावले, थुंकले, बोट घालून गालांच्या आतून कोरून काढलं, चुळा भरल्या, परत थुंकले. पण लाकडाचा भुसा तोंडातून सहजासहजी जात नाही, हे आमच्या गावच्या माणसाला सांगायला नको. तो दातांच्या फटींत बसतो, टाळूला चिकटतो, जिभेच्या मुळाशी ठाण मांडतो, आणि मग दिवसभर कॉफी प्या की चीज खा, सगळ्याला त्याचीच खरखर. मला ओकारी आली. मला ओकारी लवकर येते. आई म्हणायची, ही पोर दुधावरची साय बघून ओकते, हिला नवरा कोण करणार.

नवरा मिळाला, आणि भुसा त्याचाच होता. उन्हाळा सरला की आमच्या ह्या उत्तर इटलीतल्या उदिने शहरातल्या पेन्शनर पुरुषांच्या अंगात येतं. हिवाळ्याच्या शेगडीसाठी कांड्या घ्यायच्या असतात. भुसा दाबून केलेल्या, खडूच्या तुकड्याएवढ्या, गुळगुळीत कांड्या, पोत्यांत भरलेल्या. एवढीशी गोष्ट. पण ही माणसं त्या घेताना बैलाचे दात बघावेत तशी वखारीवखारीतून हिंडतात. मूठभर घेतात, तळहातावर चोळतात, वास घेतात, दातांखाली मोडून बघतात, पोतं हलवून तळाशी किती पूड साठली ते बघतात, आणि मग चार कांड्या खिशात टाकून घरी आणतात आणि बायकोच्या पेल्यात बुडवतात. चांगली कांडी बुडते आणि झटकन फुगून विरघळते; वाईट कांडी तरंगते. सप्टेंबरभर आमच्या घरात खिडकीत, फ्रिजवर, न्हाणीघराच्या कठड्यावर असे पेले उभे असतात, आणि त्यांतून तो फुगलेला पिवळट गाळ माझ्याकडे बघत असतो. मी कितीदा म्हटलं, जुनी बरणी घे. पण नाही, काच पारदर्शक हवी.

तो स्वयंपाकघरात आला तेव्हा मी अजून बेसिनवर वाकलेली होते. "काय झालं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "तुझी परीक्षा प्याले." तो हसला. "मग? नीट विरघळली होती ना?" माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ह्याला हसू येत होतं. आणि त्याच वेळी, थुंकता थुंकता, मला लाकडाच्या खाली दडलेली दुसरी चव लागली. गोडसर, टाळूला झिणझिण्या आणणारी. व्हार्निश. नुसतं व्हार्निश नाही, व्हार्निश आणि सरस आणि तो पत्र्याच्या डब्यातला पातळ द्राव, ज्याने खुर्च्या पुसायचे. "एर्मेस, ह्यात लाकूड नाही, फर्निचरचा कचरा दळलाय," मी म्हटलं. त्याने पेला उचलला, नाक आत घातलं, डोळे मिटले. देवळात उभा राहावा तसा उभा राहिला. मग डोळे उघडून म्हणाला, "अबेते. निव्वळ अबेते. डोंगरातलं, कोवळं. तुझं नाक झोपेतून उठलेलं नाही अजून, निवेस." अबेते म्हणजे देवदारासारखं डोंगरी झाड. आणि मी गप्प बसले. माझ्या तोंडात व्हार्निश होतं, तरी मी गप्प बसले, कारण त्या नाकासमोर गप्प बसायची मला जन्माची सवय होती.

त्या नाकासाठीच मी त्याच्याशी लग्न केलं, असं म्हटलं तर लोकांना थट्टा वाटते. थट्टा नाही. आमचं गाव खुर्च्यांचं. शहरापासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर, आणि त्या काळी गावातला प्रत्येक माणूस खुर्चीचा काही ना काही लागायचा. कुणी पाय कातायचा, कुणी पाठ वाकवायचा, बायका घरी बसून बैठकीचं गवत विणायच्या. माझे बाबा, ग्वेरीनो, घासकामाच्या शेडमध्ये होते. फाज्जोचे पाय पट्ट्यावर धरून गुळगुळीत करायचे. फाज्जो म्हणजे खुर्चीचं लाकूड, जड, लालसर. त्याची पूड पिठाहून बारीक. बाबा संध्याकाळी घरी यायचे ते आधी पूड यायची आणि मग बाबा. भुवयांवर पूड, कानांत पूड, भाकरीच्या पिठात पूड, माझ्या परीक्षेच्या वहीत पूड. आणि बाबांचे रुमाल. ते धुवायचं काम माझ्याकडे होतं. एका बादलीत भिजत घातलेले असायचे. पाण्यात हात घातला की तो लालसर, कणकेसारखा शेंबूड बोटांना गुंडाळायचा. मी मान फिरवून, तोंडाने श्वास घेत धुवायचे. आजही बादलीत भिजलेलं कापड बघितलं की माझी बोटं आपोआप ताठ होतात. आई म्हणायची, "बापाची पूड आहे ती, तिच्यावरच पोट भरतं तुझं, नाक मुरडू नकोस."

नाक मुरडायला नाक लागतं. शेडमध्ये नवा माणूस आला की पहिले काही महिने त्याला लाकडाचा वास यायचा. फाज्जोचा उग्र, ओल्या कुत्र्यासारखा वास. तो तक्रार करायचा, जेवण जात नाही म्हणायचा, बाकीचे हसायचे. मग एक दिवस वास यायचा थांबायचा. त्या दिवशी सगळी शेड त्याला घेऊन कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानात जायची, आणि त्याच्या नावाने पांढऱ्या वाईनचे छोटे पेले फिरायचे. "ह्याचं नाक मुरलं!" मुरलं, म्हणजे लोणचं मुरतं तसं. आता हा आपला झाला, आता हा कामाचा. बाबांचं नाक मुरलं तेव्हा मी पाच-सहा वर्षांची असेन, आई सांगायची, झिंगून घरी आले आणि आईचे केस हुंगून म्हणाले, "काही नाही! अगदी काही नाही!" आणि नाचले. आई पण हसली. पुढे कित्येक वर्षं ती म्हणायची, मला बरं झालं, करपलेलं वाढलं तरी ह्यांना कळत नाही. साऱ्या गावाने मिळून काय साजरं केलं होतं ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

एर्मेस त्याच शेडमध्ये पोरवयात लागला, आणि त्याचं नाक काही मुरलं नाही. वर्षं गेली तरी मुरलं नाही. आधी चिडवलं, मग आश्चर्य, मग पैजा. दुकानात त्याच्या डोळ्यांवर कुणाचा तरी अंगरखा बांधायचे आणि नाकाशी ढलप्या धरायचे. अक्रोड, चेरी, ओक. "अबेते, पण पाण्यात पडलेलं." "हे ग्वेरीनोच्या टोपीतलं फाज्जो, घामासकट." नाकोबा म्हणायचे त्याला. मी त्याला पहिल्यांदा जवळून पाहिलं ते गावच्या जत्रेतल्या नाचाच्या मांडवात. सगळे नाचत होते, आणि मला मघापासून मळमळत होतं, कारण मांडवामागून काहीतरी कुजल्याचा वास येत होता आणि तो माझ्याशिवाय कुणालाच येत नव्हता. हा उंच पोरगा सरळ माझ्यासमोर आला, नाचायला बोलवेल असं वाटलं, तर वाकून म्हणाला, "इथून चल. मागे मेलेली मांजर आहे, दोन दिवसांची." मला रडूच आलं. साऱ्या गावात दुसरं एक नाक होतं. मग आम्ही आयुष्यभर असेच राहिलो. हॉटेलात शिरायचो, एकमेकांकडे बघायचो आणि न बोलता बाहेर पडायचो. बसमध्ये कुणी चढलं की तो हळूच म्हणायचा, "लसूण." मी म्हणायचे, "आणि खाली?" तो म्हणायचा, "खाली कापूर. आजीच्या कपाटातला कोट." लोक नवराबायको मिळून पत्ते खेळतात, आम्ही हे खेळायचो. नाकाने कांदे सोलणारं जोडपं, असं माझी नणंद म्हणायची, आणि खरंच म्हणायची.

पण गेल्या वर्षभरात मला ह्या माणसाची किळस यायला लागली होती. सरळच सांगते. कारखाना बंद पडून जमाना झाला, मग तो एका लोखंडी सामानाच्या दुकानात गल्ल्यावर बसला, मग पेन्शन, आणि ह्या सगळ्यात तो कायम धुतलेल्या शर्टात, नखं कापलेला, नीटनेटका. आणि आता एकाएकी गबाळा झाला. तोच गंजीफ्रॉक तीन तीन दिवस. फाटलेलं दूध कॉफीत ओतून पिताना मी त्याला दारातून बघितलं. त्याच्या मिशीला दह्यासारखे कण लागले होते आणि तो रेडिओ ऐकत होता. सलगमच्या लोणच्याची बरणी, वर हिरवी बुरशी धरलेली, त्याने चमच्याने बुरशी बाजूला सारून खाल्ली. आणि अंगावर अत्तर. इतकं अत्तर की जिन्यात तो दोन मजले खाली असला तरी कळायचं. मी म्हटलं, आंघोळ कर आणि अत्तर कमी कर, तर दुखावला. म्हातारपणी पुरुष असे होतात म्हणतात. मी रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. त्याच्या श्वासाला एक वास यायला लागला होता, जुन्या नाण्यांसारखा, आणि तो माझ्या मानेवर यायचा. मला वाटायचं, हा तो नाहीच, हा कुणी दुसराच म्हातारा माझ्या बिछान्यात येऊन निजलाय.

त्या सकाळी मी दात तीनदा घासले. जिन्यात वरच्या मजल्यावरच्या अलिदाबाई भेटल्या आणि नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "शनिवारी कांड्या बघायला जाणार ना तुम्ही? यंदा जरा बघून घ्या बाई. गेल्या हिवाळ्यात माझ्या बाल्कनीतल्या चादरींना नखांच्या रंगाचा वास यायचा." हे त्या गेल्या हिवाळ्यात एर्मेसलाही म्हणाल्या होत्या. तेव्हा तो म्हणाला होता, "तुमची नात नखं रंगवते, तिला विचारा." आमच्या इमारतीत तीन घरी कांड्यांची शेगडी आहे, आणि तिन्ही घरांच्या कांड्या एर्मेस निवडतो, दुसऱ्या कुणाची छातीच होत नाही. गेल्या हिवाळ्यात शेगडीची काचही काळी व्हायची, चिकट, डांबरासारखी, मी सुरीने खरवडायचे. एर्मेस म्हणाला, धुराडं साफ करणाऱ्याने नीट काम केलेलं नाही. मी तेही ऐकून घेतलं. मी म्हटलं, "शनिवारी मीही येते." तो म्हणाला, "तू? तिथे काय करणार तू?" पण नाही म्हणाला नाही.

ओनेलिओची वखार शहराबाहेर, रुळांच्या पलीकडे. पोत्यांच्या थप्प्या, वर प्लास्टिक, मध्ये एक नमुन्याची शेगडी भर उन्हात पेटवलेली, आणि दाराशी बांधलेला एक जाडा कुत्रा. ओनेलिओचे हात मला कधीच आवडले नाहीत. ओले असतात, आणि तो हात सोडत नाही. "या, या निवेसबाई! आज साक्षात देवी अवतरल्या! मंदी, मंदी!" आमच्याकडे आल्यागेल्याला नमस्कार म्हणून 'मंदी' म्हणतात, पण ह्याच्या तोंडून तेही तेलकट वाटतं. मग धुराकडे बोट दाखवून म्हणाला, "बघा, धूर उगवतीला. धूर उगवतीला, पोतं घे चल बाजाराला!" ही म्हण आमच्याकडे जानेवारीत पेटवतात त्या होळीची, धुराची दिशा बघून वर्ष कसं जाईल ते सांगायची. धूर मावळतीला गेला तर पोतं घ्यायचं आणि पोट भरायला मुलूख सोडायचा. हा ती सप्टेंबरात कांड्या विकायला वापरतो आणि दरवर्षी स्वतःच हसतो. तिथे आणखी दोन पेन्शनर उभे होते, टोप्या मागे सारून, एर्मेसची वाट बघत. तो काय घेतो ते बघून ते घेणार. "आले नाकोबा!" एकजण म्हणाला. एर्मेसने बाह्या सारल्या. त्याच्या चेहऱ्यावर पोरवयातला तो आव आला, आणि मला एकदम त्याची लाज वाटली आणि दयाही.

ओनेलिओने तीन पोती फोडली. एर्मेसने पहिल्यातली मूठ घेतली, चोळली, हुंगली. "फाज्जो आणि थोडा अबेते. गरम जळेल, पण राख फार." दोघांनी माना डोलावल्या. मी पोत्याकडे बघितलं; पोत्यावर तेच छापलेलं होतं. दुसऱ्याचंही तेच, पोत्यावर छापलेलं तेवढंच त्याने सांगितलं. तिसरं पोतं कोरं पांढरं होतं, त्यावर काहीच नव्हतं. एर्मेस जरा थांबला. त्याने कांड्या उन्हात धरल्या, रंग बघितला, मोडून आवाज ऐकला, आणि मग नाक खुपसलं, खोल, त्या सकाळी पेल्यात घातलं होतं तसं, डोळे मिटून. मला त्या पोत्याचा वास मी उभी होते तिथे येत होता. "अबेते," एर्मेस म्हणाला. "हे बघा, ह्याला म्हणतात अबेते. पाऊस पडून गेलेलं रान." मी वाकले आणि पोत्यात हात घातला. कांड्या तळहातावर चोळल्या आणि वास घेतला, आणि मी थेट बाबांच्या शेडशेजारच्या व्हार्निशच्या शेडमध्ये उभी होते, वयाच्या आठव्या वर्षी, बाबांचा डबा घेऊन, डोक्यात कळ येत. मान वर केली तर ओनेलिओ माझ्याकडे बघत होता. एर्मेसकडे नाही, माझ्याकडे. मग त्याने नजर खाली घातली आणि ओले हात पँटला पुसले. "बाईंचं नाक नाजूक आहे," तो हळूच म्हणाला.

ओनेलिओला माहीत होतं, एर्मेसच्या नाकाला हे कळत नाही. गेल्या वर्षीच कळलं असणार ह्याला. एखाद्या शनिवारी चुकून कचऱ्याचं पोतं उघडलं असेल, एर्मेस त्याला अबेते म्हणाला असेल, आणि हा मनात हसला असेल. मग काय, आंधळ्याला खोटं नाणं द्यावं तसं. इमारतीच्या तीन घरांना कचरा, ह्या दोन टोपीवाल्यांना कचरा, सगळा कचरा ह्याने माझ्या नवऱ्याच्या नाकावर विकला. मला ओनेलिओच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण थुंकले असते तर कारण सांगावं लागलं असतं, तिथे, त्या दोघांसमोर. मी नुसतं म्हटलं, "हे नको घेऊ." एर्मेस म्हणाला, "निवेस." मी म्हटलं, "मी सांगते ना, नको." "बाई," टोपीवाल्यांतला एक म्हणाला, "पाळण्यात नाक घेऊन जन्मलेल्या माणसाला शिकवताय तुम्ही." सगळे हसले. एर्मेसही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. नाकावर माशी बसू न देणारा माणूस तो. त्याने माझ्याकडे न बघता पोत्यावर हात मारला. "हेच. तिन्ही घरांना. गुरुवारी पाठव." ओनेलिओने त्याचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. तो हात कितीतरी वेळ हलत होता.

बाबांचं आजारपण मला आठवायचं नव्हतं, तरी गाडीपर्यंतच्या त्या एवढ्याशा वाटेवर ते सगळं आलं. एका नाकपुडीतून रक्त. थोडंसं, उशीला लागण्याइतपत. मग एक डोळा पुढे आल्यासारखा दिसायला लागला. डॉक्टर आईला म्हणाले, फाज्जोची पूड नाकात वर कुठेतरी बसून राहते, आणि माणूस ते काम विसरून गेला की तिथे जागी होते. वास कधीपासून येत नाही ह्यांना? आई म्हणाली, केव्हापासूनच, त्यांचं नाक मुरलेलं आहे. डॉक्टरांना तो शब्द कळला नाही. आईने तो पुन्हा सांगितला, जरा अभिमानानेच. मग चेहऱ्याचा अर्धा भाग काढला. जखमेची पट्टी बदलायचं काम माझ्याकडे आलं, कारण आईचे हात कापायचे. मी पट्टी बदलायचे, बाहेर जाऊन ओकायचे, तोंड धुऊन परत यायचे. तो वास सांगण्यासारखा नाही. बाबांना तो येत नव्हता. ते उरलेल्या एका डोळ्याने माझ्याकडे बघायचे आणि मी का पळते ते त्यांना कळायचं नाही. मी त्या दिवसांतही एर्मेसकडे जायचे, त्याच्या शर्टात तोंड खुपसून बसायचे. तो म्हणायचा, "तुझ्या केसांना येतोय. धू, मी पाणी तापवतो." दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते ऐकून मी मेले असते.

गाडी सुरू झाली. एर्मेस उगाच गुणगुणत होता. रूळ ओलांडेपर्यंत मला कळलं नाही, मग त्याने दुखऱ्या गुडघ्यांसाठी पायांशी गरम हवा सोडली, आणि सगळी गाडी भरून गेली. कुत्र्याची घाण. ओनेलिओच्या त्या जाड्या कुत्र्याची, ताजी, आणि ती एर्मेसच्या बुटाखाली होती. तो ब्रेक दाबायचा तेव्हा ती रबराला आणखी माखायची. मी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि गळ्यातला स्कार्फ नाकाला लावला. काचा बंद. तो गुणगुणत होता. जो माणूस बसमध्ये कोटाच्या खालचा कापूर ओळखायचा तो त्या घाणीत बसून, गरम हवा सोडून, गुणगुणत होता. आणि मग मला गेलं सगळं वर्ष एकदम उलगडलं. फाटलेलं दूध. बुरशी. तो गंजीफ्रॉक. तो गबाळा झाला नव्हता. त्याला येतच नव्हतं. आणि अत्तर, मी जे कमी कर कमी कर म्हणून त्याच्या मागे लागले होते, ते अत्तर तो ह्यासाठी ओतत होता की आपल्या अंगाला कसला वास येतोय हे त्याला कळायला दुसरा मार्गच नव्हता. आणि नाण्यांसारखा श्वास. रक्ताला तसा वास येतो. हे मला, मला कळायला हवं होतं, पण मी भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

मी स्कार्फमधूनच विचारलं, "एर्मेस, गाडीत कसला वास येतोय रे?"

गुणगुणणं थांबलं. त्याने माझ्याकडे बघितलं, हे मला न वळताच कळलं. मी तोंड खिडकीकडेच ठेवलं. तो थोडा पुढे वाकला, जणू माझा चेहरा कुठून तरी दिसेल. मग त्याने नाकाने लांब श्वास घेतला. मी तो आवाज ऐकला, त्यातली ती बारीक शिट्टी ऐकली.

"अबेते," तो म्हणाला. "कपड्यांना लागलाय आपल्या. छान आहे ना?"

"गाडी थांबव."

त्याने मक्याच्या शेताकडेला गाडी थांबवली. मी दार उघडून उतरले आणि श्वास घेतला. तोही उतरला. मी म्हटलं, "उजवा बूट बघ." त्याने पाय उचलून बघितलं. खाली बघतच राहिला. मग रस्त्याकडेच्या दगडावर बसला, नाड्या सोडल्या, बूट काढला. मला वाटलं गवताला पुसेल. त्याने बूट वर उचलला आणि तळ नाकाशी धरला. अगदी नाकाला टेकेल असा. श्वास घेतला. थांबला. पुन्हा घेतला. एक मोटार गेली, तिच्यातल्या पोरांनी वळून बघितलं. त्याने अंगठ्याने एक नाकपुडी दाबली आणि दुसरीने घेतला, मग ती दाबून हिने. त्याच्या मिशीला लागलं. मी ते बघू शकत नव्हते आणि नजर काढूही शकत नव्हते.

"येतोय?" मी विचारलं.

"नाही."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षी तुझ्या भावाकडे द्राक्षं गाळली ना, तेव्हा तळघरात उतरलो आणि काहीच नाही. मला वाटलं, यंदाची द्राक्षंच पाणचट." त्याने बूट गुडघ्यावर ठेवला. "मग मी तुझ्या तोंडाकडे बघून सांगायचो. तू कपाळाला आठी घातलीस की मी म्हणायचो, वाईट. बरं चाललं होतं. तू नसलीस की पंचाईत."

"रक्त येतं?"

त्याने बाहीने मिशी पुसली. मग म्हणाला, "थोडं. डाव्या बाजूने. मी उशी उलटी करतो."

मी त्याच्याशेजारी दगडावर बसले. मला राग आला होता, ओनेलिओचा, त्या शेडचा, त्या सगळ्या पेल्यांचा जे माझ्या बाबांच्या नावाने प्यायले गेले. "सोमवारी डॉक्टरकडे जायचं," मी म्हटलं. "आणि ती पोती येणार नाहीत. ओनेलिओशी मी बोलते."

"ग्वेरीनोचं असंच सुरू झालं होतं?"

"हो."

"पण त्याला फार उशिरा नेलं."

"फार उशिरा."

त्याने मान हलवली. मक्याच्या पानांचा आवाज येत होता. तो बुटाकडे बघत होता. "सोमवारी जाऊ," तो म्हणाला. आणि मग, "कसा आहे गं?"

"काय कसा आहे?"

"हा. वास."

"घाण आहे. कसा असणार?"

"घाण आहे हे मला दिसतंय. नीट सांग ना. आपण सांगायचो तसं."

त्याने बूट माझ्यापुढे धरला. रबराच्या खाचांत ती भरली होती, पिवळी, चकचकीत, त्यात गवताची काडी. जन्मभर मी अशा गोष्टींपासून तोंड फिरवलं होतं. मी बूट हातात घेतला, नाकाशी नेला आणि श्वास आत ओढला. सगळं पोटातून ढवळून वर आलं, ते गिळलं.

"आधी आंबट," मी म्हटलं. "गरम आंबट. त्याच्याखाली माती, ओली. आणि तळाशी मासे. काल ह्याला कुणीतरी मासे घातलेत."

"मासे," एर्मेस म्हणाला. त्याने डोळे मिटले होते. "कसले, तळलेले?"

मी परत बूट नाकाशी नेला.